अर्जातली वाढीव ओळ

आमच्या गल्लीतले इस्त्रीवाले काका मी चळवळीसाठी लिहिलेलं प्रत्येक पत्रक ओळीखाली बोट धरून वाचतात अन् म्हणतात, "लई वरडतोस बाबा." त्यांची लेक इस्रायलमध्ये एका म्हातारीला सांभाळते. सायरन वाजला की दोघी तळघरात जातात.

काल चिडून मीच काकांच्या नावानं सरकारला अर्ज लिहिला: आमची मुलगी आजच्या आज परत आणा.

काकांनी तो दोनदा वाचला. मग शेवटच्या ओळीखाली बोट ठेवलं.

"एक वळ घाल. बदली बाई आल्यावर, असं."

"काका, तिथं रॉकेटं पडतायत!"

"हाव. पण म्हातारीला जिना उतरता येत न्हाई. आपली पोरगीच उचलून नेती तिला."

मी ओळ घातली. सही करून त्यांनी हळूच विचारलं, "बदलीला कुणी जाईल का रे तिथं?"