गोळीत औषध होतं का

प्रयोगशाळेत निकाल साठायला वर्ष जातं. किस्से रोज साठतात, आणि त्यांना वहीही लागत नाही.

कर्जतच्या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते. गेल्या वर्षी हे गेले. मी दर महिन्याला आणून दिलेल्या रक्तदाबाच्या गोळ्यांची पाकिटं कपाटात राहिली. डॉक्टर म्हणाले होते, "गोळ्या चालू असताना असं व्हायला नको होतं." गोळीत औषध होतं की नुसता खडू, एवढं मला कळायला हवं होतं. म्हणून प्रयोगशाळेत औषध मोजणारा सेन्सर करायचं ठरल्यावर त्यासाठी तेच औषध निवडलं. कृती सोपी: औषधाच्या रेणूंभोवती प्लास्टिकसारखा पॉलिमर जमवायचा, मग औषध धुऊन काढायचं. उरलेल्या खाचांत पुढे तेच औषध बसतं आणि यंत्र आकडा दाखवतं.

सोपी म्हणजे वाचायला.

*

पहिला सेन्सर माझ्या विद्यार्थ्याने, लोधिवलीच्या निलेशने केला. त्याला नळाच्या पाण्यातही औषध सापडलं. मग चहातही.

"किती वेळा धुतलंस?"

"दोनदा."

"वीसदा सांगितलं होतं."

"दिसायला स्वच्छ होता, मॅडम."

*

दुसरी खेप जमली. सेन्सरच्या बारा पट्ट्या, प्रत्येकीच्या टोकाला पॉलिमरचा काळा ठिपका. सकाळी येऊन बघते तर सगळ्या चकचकीत.

साफसफाईला कशेळ्याच्या शेवंताबाई येतात. म्हणाल्या, "काळं पडलं व्हतं, घासून दिलं."

ज्याने धुवायचं तो धूत नाही, आणि ज्यांनी हातही लावायचा नाही त्या घासतात!

*

कळंबचे एक रिसॉर्टवाले मुलीच्या ॲडमिशनसाठी आले होते. सेन्सर बघून म्हणाले, "यावर दारूतलं पाणी कळतं का?"

"नाही. ज्याची खाच केली तेवढंच कळतं."

"मग दारूची खाच करा. धुवायला माणसं मी देतो."

*

तिसऱ्या खेपेला निलेशने खरंच वीसदा धुतलं. पाण्यात शून्य. चहात शून्य. मी पर्समधून ह्यांच्या गोळ्यांची चार पाकिटं काढली. "सरांच्या गोळ्या," म्हटलं. त्याने एकातली गोळी फोडून कुटली.

"पाकिटावर पाच मिलिग्रॅम, यंत्रावर चार पॉइंट नऊ. गोळी चोख आहे, मॅडम."

"दुसऱ्या पाकिटातली घे."

तीही चोख. तिसरी, चौथीही.

"पुन्हा कर."

शेवंताबाई टेबल पुसत होत्या. पाकिटं उचलून बाजूला ठेवताना थांबल्या.

"ह्या पोरानं फोडली तेवढीच एकेक कमी हाय, मॅडम. बाकी अख्खीच हायेत. सर घेत नव्हते व्हय?"

निलेश उठला आणि पट्ट्या धुवायला गेला. कोणी न सांगता.