दोघींचा तंबू आणि पंधरा किलो वांगी

तंबू दोघींपुरताच होता, हे मी आधीच सांगून ठेवते. कारण पुढे आमच्या दोन्ही घरांत ही गोष्ट कुणाच्याच लक्षात राहिली नाही.

माझी मोठी बहीण, अक्का, धुळ्याला असते आणि मी जळगावला. तिच्या दारात दर हिवाळ्यात डिंक-चारोळी विकायला सातपुड्याच्या पायथ्याचे एक नाना येतात. शिरपूरच्या बरंच पुढे, रस्ता संपतो तिथं त्यांचं शेत आहे आणि बांधापलीकडे जंगल. यंदा ते म्हणाले, "या ना ताई, एक रात मुक्कामले." अक्कानं लगेच मला फोन केला. ती फार खूश झाली की अहिराणीत घसरते, त्या दिवशी तर फोन संपत आला तरी मराठीत परत आली नव्हती. शेवटी मात्र हळू आवाजात म्हणाली, "एक सकाळ अशी पाहिजे, की माझ्याकडे कुणी चहा मागणार नाही." लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली तिच्या. त्या घरातला पहाटेचा पहिला चहा तिच्याच हातचा. तेव्हाच मी ठरवलं, नाताळच्या सुट्टीत हिला न्यायचंच.

मला तर अंगात वारं शिरल्यासारखं झालं. शाळेतल्या एका सहकाऱ्याकडून तंबू आणला आणि हॉलमध्ये उभा केला. नवरा दोन दिवस सोफ्याला वळसा घालून जेवायला येत होता. घरात कूलर दोन आणि स्वेटर एक, तोही मुलाचा दहावीतला. जळगावकराला थंडीची तयारी काय माहीत? तीन याद्या केल्या, दोन हरवल्या. वर्गात मुलांना भागाकार देऊन मी टेबलाखाली टॉर्च चालू-बंद करून बघत होते.

माती खाल्ली ती यादीत. उत्साहाच्या भरात मी लिहून बसले, 'भरीत'. खानदेशात हिवाळा आणि शेत म्हटलं की हात आपोआप तेच लिहितो. पण भरीत दोघींचं होत नाही. त्याला माणसं लागतात. अक्कानं जावेला सांगितलं, जावेनं दिराला, दिरानं दोन मित्रांना. इकडे माझा नवरा म्हणाला, "वांगी मी बघून आणतो, तुम्हाला पारख नाही." आठवड्याभरात दोन जीपा ठरल्या, सोळा माणसं झाली, पंधरा किलो वांगी आणि भाजायला कपाशीच्या काड्यांचे भारे. जंगलाकडे आम्ही जळण घेऊन निघालो होतो!

अक्काला फोन केला तर ती पुऱ्यांचं पीठ किती लागेल याचा हिशोब करत होती. आवाज पार उतरलेला. "जाऊ दे गं," म्हणाली, "सगळ्यांना मजा येईल." मला स्वतःचाच इतका राग आला की यादी फाडून टाकली. सोळा जणांचं भरीत कोण ठेचणार आणि सकाळी सोळा चहा कोण करणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

मग मी नानांना फोन लावला आणि काड्यांचं विचारलं. ते घाबरलेच. "ताई, आठे मोठा जाळ करू नका. गवत बठ्ठं वाळेल शे. आनि गोधड्या लई या, रातले भलती थंडी पडस."

असं काही ऐकून इतका आनंद मला कधी झाला नव्हता. लगेच ग्रुपवर लिहिलं: तिथलं गवत सगळं वाळलेलं, जाळ करायला मनाई, भरीत रद्द. जेवायला खिचडी. आपापली पांघरुणं आणावीत, थंडी भलती आहे.

दुपारपर्यंत दिराच्या मित्रांना लग्न निघालं. संध्याकाळी दिराची कंबर धरली. जावेनं नवऱ्याची कंबर पुढे केली. माझा नवरा सर्वांत प्रामाणिक. "खिचडी घरीही मिळते," म्हणाला आणि टीव्ही लावला. दुसऱ्या दिवशी जीपवाल्याला नको म्हणून सांगितलं आणि अक्काला फोन केला.

"सगळे गळाले. आपण दोघीच. शिरपूरपर्यंत एसटीनं जाऊ, पुढे नाना घ्यायला येतील."

"खिचडीचे डाळ-तांदूळ मी घेते."

"काही घेऊ नकोस. खिचडी मी करणार."

"तुला जमेल?"

"करपली तर करपलेली खाऊ."

"आणि सकाळचा चहा?"

"तोही मीच. तंबूत आणून देईन."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. तिनं गॅस बंद केल्याचं ऐकू आलं.

"मंग माले काहीच करनं नही?"

"काहीच नही."

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"मग मी उशिरा उठेन," अक्का म्हणाली.