सायकलवरून उतरायचं गाव

वर्धा ते आर्वी सायकलची शर्यत ठेवणाऱ्या मंडळाने एक नियम मोठ्या कौतुकाने केला होता. घाटात ज्याचा पाय जमिनीला लागेल, तो बाद. सायकल हातात धरून चढणाऱ्यांना मंडळाला मर्दुमकी शिकवायची होती.

रस्त्यात दोन घाट. आंजीपर्यंत कपाशीतून सरळ जायचं, तिथून पुढे सागाचं रान आणि मुरूम. पहिला घाट लांब, पण दयाळू. दुसरा आखूड आणि हरामखोर. तिथे सीटवर बसून पायडल फिरतच नाही. उभं राहायचं, हँडल पोटाशी ओढायचं, या कडेहून त्या कडेला नागमोडी जायचं, आणि गिट्टीवर मागचं चाक घसरलं की शिवी हासडून पुन्हा जोर लावायचा. आमच्या सायकली पोस्टमन चालवतो तशाच, जड. मी माझ्या सायकलचे मडगार्ड आणि घंटी काढून टाकली होती, तेवढाच भार कमी.

या दुसऱ्या घाटाच्या मध्यावर एक गाव आहे. नाव लिहीत नाही. लिहिलं तर बाकीची गावं स्वतःला सुटली समजतील. त्या गावात पारासमोरून आमच्या वस्तीतल्या माणसाने सायकलवर बसून जायचं नाही. खाली उतरायचं, सायकल हाताने न्यायची, पार ओलांडला की पुन्हा बसायचं. लग्नाचा नवरदेव उतरतो. पलटणीतून सुटीवर आलेला शिपाई उतरतो. माझे सख्खे मामा त्याच गावात राहायचे, पाटलांच्या वावरात राबायचे. त्यांचं बोट धरून तो पार मी कितीदा तरी पायी ओलांडला होता. पण आता आम्ही नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलो होतो, घरातले देव्हारे रिकामे केले होते. आमच्या तरुण मंडळींची पत्रकं मी लिहायचो. मान खाली घालणं बंद, असं मोठ्या टायपात छापून घरोघर वाटलं होतं. ते खरं करून दाखवायची वेळ आली होती. मला शर्यतीत पहिलं यायचं होतं, आणि त्या पारापुढून बसून जायचं होतं. दोन्ही एका दमात.

पहिल्या घाटात मी सगळ्यांना मागे टाकलं. दुसऱ्यात शिरलो तेव्हा पुढे कोणाची धूळसुद्धा नव्हती. गावात पोचलो तर पाराभोवती माणसं जमलेली. पारावर मंडळाचे पंच खुर्चीत बसून पाटलांच्या घरचा चहा पीत होते. आणि रस्त्याच्या मधोमध, हात जोडून, मामा.

"उतर बापा."

"बाजूले व्हा मामा, शर्यत हाये!"

"तू जाशीन आर्वीले. मले इथंच राह्याचं हाये. तुह्या मामीले याइच्याच वावरात जा लागते."

पारावरून म्हातारे पाटील ओरडले, "काऊन रे, शर्यतीत आला त जात घरी ठेवून आला काय?" लोक खिदळले.

मामांच्या अंगावर मी सायकल घालणार नाही, हे गावाला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर काठीवाला माणूस उभा केला नव्हता, मामा उभे केले होते. आमच्याच माणसाच्या हातांनी आम्हाला खाली ओढायचं, आणि आपले हात स्वच्छ ठेवायचे!

मी उतरलो. पारापुढून सायकल ढकलली. पंचांनी बशी खाली ठेवून शिट्टी वाजवली.

"पाय टेकला. बाद."

"मला उतरवलं साहेब, तुमच्या डोळ्यांदेखत!"

"कोणी हात लावला का तुम्हाला? आपणहून उतरलात. गावची रीत गावापाशी, शर्यतीचा नियम शर्यतीपाशी."

हे बोलणारा माणूस शिकलेला, खादी घालणारा, सभांतून समतेवर बोलणारा. बोलून झाल्यावर त्याने उरलेला चहा संपवला. तोवर मागची मंडळी घंट्या वाजवत माझ्या शेजारून वर गेली. त्यांना कोणी उतरा म्हटलं नाही.

मामांच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला.

"म्हंजे माह्यानं गेला तुहा नंबर?"

"हो."

मी गोड बोललो नाही. माझ्याजवळ गोड काही उरलंच नव्हतं.

मामांनी माझ्या हातातून हँडल घेतलं, सायकल वळवली आणि उतारावरून गावाच्या खालच्या टोकापर्यंत चालत नेली. मला वाटलं, परत पाठवून राह्यले. तिथे थांबून म्हणाले, "बस."

"आता कायले? शर्यत तं गेली."

"बस म्हनलं नं. चढ हाये, मी लोटतो."

मी बसलो. मामांनी सीट मागून धरली आणि लोटायला लागले. त्यांचा श्वास माझ्या पाठीवर लागत होता. पार आला तसे पाटील उठून उभे राहिले. "थांबव त्याले! उतरव खाली!"

मामा धापा टाकत म्हणाले, "कसा उतरवू मालक? घाटात पाय टेकला की पोरगं बाद होते. तुमच्या पाहुण्यानंच सांगतलं."

पंच सागाच्या झाडांकडे पाहू लागले. आम्ही पारापुढून वर गेलो, मी सायकलवर, मामा मागे धावत.

आर्वीला पोचलो तेव्हा हारतुरे आटोपून लोक सतरंजी गुंडाळत होते. मंडळाचे चिटणीस हळहळून म्हणाले, "आधी कळवायचं होतं हो. आपण रस्ता बदलला असता."

रस्ता! गाव तसंच, पार तसाच, पंचांचा चहा तसाच. माझ्यापुरता रस्ता तेवढा वळवायचा. मी त्यांना सांगितलं, रस्ता हाच पाहिजे. घाट आम्हाला जड नाही. घाटातली माणसं जड आहेत, ती आधी हलवा.

त्या हंगामात पाटलांनी मामा-मामीला वेचणीला बोलावलं नाही. त्यांच्या धाकाने दुसऱ्या कोणीही नाही. मी वर्ध्याला चला म्हणालो, मामांनी ऐकलं नाही. घाट उतरून दूरच्या गावी कामाला जाऊ लागले. मी माझी सायकल त्यांना देऊन टाकली. महिन्याभराने मामी आंजीच्या बाजारात भेटली, तिला विचारलं, पारापुढून मामा कसे जातात?

मामी म्हणाली, "बसूनच जाते. आताच शिकले नं, उतराचं जमत नाई अजून त्याइले."