मडमेची सहा चाकं

कडेगावच्या नाथाजीचा हात आधी चालायचा आणि डोकं मागून यायचं. पलटणीत असताना त्याने एका लान्सनायकाचे दोन दात पाडले होते. पेन्शनीत आल्यावर सांगलीच्या विश्रामबागेत, भर रस्त्यात, एका अनोळखी ड्रायव्हरला गाडीतून ओढून काढून बडवलं. कारण काय, तर त्या बिचाऱ्याने थंड इंजिन चालू करून लगेच ॲक्सिलेटर दाबला होता. ड्रायव्हर ओठाचं रक्त पुसत म्हणाला, "गाडी काय तुज्या बापाची हाय?" नाथाजी म्हणाला, "बापाची असती तर एवढ्यावर सोडला नसता."

लोखंडावर मात्र या माणसाने कधी हात उगारला नाही. नट गंजून बसला असेल तर दोन-दोन दिवस त्याला रॉकेल पाजत बसेल, पण हातोडा घालणार नाही. एवढा धीर त्याने माणसांच्या बाबतीत धरला असता तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण माणसांच्या बाबतीत धीर धरणं हे त्याच्या घराण्यातच नव्हतं.

वीस वर्षं त्याने लष्कराच्या वर्कशॉपात काढली. दुसऱ्या महायुद्धानंतर मागे राहिलेल्या अमेरिकन गाड्या उघडायच्या, जोडायच्या, पुन्हा चालत्या करायच्या, हेच काम. एकाहत्तर साली घरी आला तेव्हा घरात थोरला भाऊ सयाजी आणि वहिनी तानुबाई. त्यांना मूलबाळ नव्हतं. सयाजीचा सगळा जीव बैलांवर. बाप लवकर गेल्यामुळे याच सयाजीने नाथाजीला खांद्यावर घेऊन वाढवलेला. नाथाजीची बायको बनुबाई म्हणायची, "ह्यांचं दोघांचं भांडण ऐकलं की वाटतं आता मुडदा पडतोय, आन् घटकाभरानं बघावं तर एका ताटात जेवत बसल्यात."

मग मडम आली आणि ताटं वेगळी झाली.

कोयनानगरच्या वर एका ओढ्यात तो सहा चाकांचा अमेरिकन ट्रक पडला होता. धरणाच्या कामावर राब राब राबून मोडला, तो तिथेच टाकलेला. नाकावरचं नाव गंजाने खाल्लं होतं आणि सीटमधून कारवीचं झुडूप वर आलं होतं. ठेकेदार म्हणाला, "न्या उचलून, तेवढीच जागा मोकळी हुईल." नाथाजीने सयाजीला दोन बैलजोड्या घेऊन बोलावलं. चार दिवस बैलांनी ते धूड ओढलं. पाचव्या दिवशी घाटाच्या चढावर ओढायचा जाड दोर, सोल, तुटला. ट्रक मागे घसरला आणि उतरणीच्या बाजूला उभा केलेला सयाजीचा पवळ्या बैल त्याच्याखाली सापडला.

सयाजी त्या बैलाचं डोकं मांडीवर घेऊन बसला. बैलाच्या नाकातून रक्ताचे बुडबुडे येत होते. नाथाजी तेवढ्यात धावत जाऊन चाकांमागे धोंडे लावून आला आणि धापा टाकत म्हणाला, "दादा, गाडी वाचली रं!"

हे एक वाक्य तो बोलला नसता तर! पण तोंडातून गेलं ते गेलं. सयाजीने मान वर करून भावाकडे असं पाहिलं की नाथाजीसारखा नाथाजी दोन पावलं मागे सरला.

ट्रक कसाबसा कडेगावला आणून अंगणात उभा केला. दीड वर्षं नाथाजी त्याच्याखाली उताणा पडून होता. सांगलीतल्या रायगोंडाच्या भंगारातून एक-एक भाग हुडकून आणायचा, कानशीने घासायचा, बसवायचा, पुन्हा काढायचा. पहिल्यांदा हँडल मारलं तेव्हा इंजिनाने उलटा झटका दिला आणि त्याचं मनगट मोडलं. गड्याने ते फडक्याने आवळलं आणि डाव्या हाताने हँडल मारलं. इंजिन धडधडलं. सारं गाव गोळा झालं. परदेशातली आणि पेट्रोल पिण्यात कुणाचं न ऐकणारी, म्हणून गावाने तिचं नाव मडम ठेवलं. दुष्काळाच्या साली तिने वाडीवस्तीवर पाणी पोचवलं. बायका तिच्या नाकाला हळदीकुंकू लावू लागल्या. सयाजी मात्र तिच्याकडे पाठ करून गोठ्यात बसे.

चौऱ्याहत्तर साली वाटणी झाली. जमीन सरळ वाटली गेली, भांडी वाटली गेली. शेवटी सयाजी उठला. "माजा बैल गेलाय तिच्याखाली. निम्मी गाडी माजी."

"करवत आणू का?" नाथाजी म्हणाला.

पंचांचा म्होरक्या आकारामतात्या. त्याने डोकं खाजवलं. म्हैस असती तर एक वेत तुझं, एक वेत त्याचं असा निवाडा झाला असता. ट्रकाचं वेत कुठून आणायचं? बराच खल करून त्याने निकाल दिला: गाडी नाथाजीची, पण सहातली तीन चाकं सयाजीची. सयाजीला तेच हवं होतं. दोन चाकं लावून ऊस वाहायला टायरगाडी करायची, एक जादा. शहाण्यांच्या पंचायतीत एकानेही विचारलं नाही की तीन चाकांवर ट्रक चालेल कसा.

नाथाजीने पंचांदेखत भावाच्या नरड्याला हात घातला. सयाजीने त्याचा कान चावला, पार रक्त काढलं. दोघांना सोडवताना आकारामतात्याचं धोतर फाटलं. तेव्हा नाथाजीने देव्हाऱ्यातला जोतिबाचा गुलाल मुठीत घेतला आणि म्हणाला, "आजपासनं ह्याच्याशी बोललो तर माजी जीभ झडू दे." आपल्याकडे भाऊबंदांचा अबोला ही काही नवलाची गोष्ट नाही. दोन-दोन पिढ्या चालतात. पण या अबोल्यात एक गोष्ट सांगायची राहून गेली होती.

मडमेच्या प्रत्येक चाकावर नटांची दोन कडी होती. आतल्या कड्याने चाक गाडीला धरलेलं. बाहेरच्या कड्याने चाकाच्याच दोन पाळ्या एकमेकींना धरलेल्या, आणि त्या दोन पाळ्यांमध्ये टायरची हवा कोंडलेली. चाक काढायचं तर आतले नट खोलायचे. हवा असताना बाहेरचे खोलले तर लोखंडाची पाळी तोफेच्या गोळ्यासारखी सुटते. म्हणून पलटणीच्या रिवाजाप्रमाणे नाथाजीने बाहेरच्या नटांना लाल रंग दिला होता. गावाला वाटलं, हौस.

वाटणीनंतर आठवड्याने, सकाळी, सयाजी पाना घेऊन चाकापाशी बसला. नाथाजी अंगणाच्या पलीकडे दात घासत होता. सयाजीने पाना लावला तो लाल नटाला. एक नट सुटला. नाथाजीच्या हातातली राखुंडी गळून पडली. दुसरा सुटला, तिसरा सुटला. आठ नट होते. बनुबाई पाण्याला गेलेली, तानुबाई चुलीपुढे. अंगणात दोघंच.

"दादा, थांब," एवढे दोनच शब्द पुरेसे होते. ते घशापर्यंत आले आणि गुलालाच्या आणेपाशी अडकले. पण हाताला कुठली आण! नाथाजीने इंजिनाचं हँडल उचललं, धावत गेला आणि भावाच्या उजव्या हातावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज झाला. सयाजीने ओरडत पाना डाव्या हातात धरला, तेव्हा दुसरा घाव खांद्यावर बसला.

भाऊ आडवा झाल्यावर नाथाजी चाकावर झेपावला आणि हवा सोडायला व्हॉल्व्हचं टोपण फिरवू लागला. एवढ्यात लोक धावले. त्यांना काय दिसलं? सयाजी रक्तात लोळतोय आणि धाकटा त्याच्या वाटणीच्या चाकाची हवा सोडतोय. "मेल्यानं हात मोडला, आता चाकाची बी नासाडी करतोय!" तानुबाई किंचाळली. लोकांनी नाथाजीला लाथाबुक्क्यांनी तुडवलं. तोंडात रक्त भरलं, दोन फासळ्या गेल्या. चाकातली हवा मात्र चाकातच राहिली.

कोर्टात न्यायाधीशांनी विचारलं, "का मारलंस?"

"चाक फुटून मेला असता, साहेब."

"मग ओरडून सांगायचं."

"आमी बोलत न्हवतो."

सगळं कोर्ट हसलं. हात गळ्यात बांधलेला सयाजी सोडून. तो म्हणाला, "वकिलानं पढवलंय." नाथाजीला एक वर्षाची शिक्षा झाली आणि त्याला सांगलीच्या तुरुंगात नेलं.

पहिल्याच भेटीला नाथाजीने बायकोला बजावलं, "दादाला सांग, आधी हवा सोड. मग आतला नट खोल. लाल नटाला शिवू नगंस." बनुबाईने दिराच्या दारात उभं राहून शब्दन् शब्द सांगितला. सयाजी हसला. "हवा सोडली की वजनाखाली टायरी चिरडून जात्यात. त्येच पायजे त्याला. लाल नटाला शिवू नगं म्हंतोय व्हय? म्हंजे तोच खोलाया पायजे." हाताने घात केलेल्या माणसाचा निरोप कोण खरा मानणार? मी सयाजीला मूर्ख म्हणणार नाही. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

हात सांधायला तीन महिने लागले. मग एका दुपारी तो राहिलेले पाच नट खोलायला बसला. तिसऱ्यालाच तो आवाज झाला. एस.टी. स्टँडवरची माणसं उठून उभी राहिली. पाळीने सयाजीला उचलून गोठ्याच्या भिंतीवर आपटलं होतं. छाती आत गेली होती आणि चेहरा उरला नव्हता. तानुबाईने त्याला हातातल्या कड्यावरून ओळखलं.

मूलबाळ नाही, म्हणजे अग्नी द्यायचा भावाने. दुसऱ्या दिवशी दोन पोलीस नाथाजीला घेऊन आले. मढं तोवर ठेवलं होतं. त्याला पाहून तानुबाई अंगावर धावली नाही. ती बसल्या जागेवरून एवढंच म्हणाली, "भावजी, आता तरी बोला की वं त्यास्नी."

नाथाजी भावाच्या उशाशी बसला. तोंडावरचं धडपं त्याने सारखं केलं.

"दादा, आयक," तो म्हणाला. "आधी हवा सोडायची असती. टायर पार मऊ झालं का न्हाई, दाबून बघायचं. मग आतलं नट. एकदम न्हाई खोलायचं, समोरासमोरचं, जोडी-जोडीनं. बाहेरच्यांस्नी हात लावायचा न्हाई. कळलं का?"

लोक खाली बघू लागले. पोलिसाने बेडीची साखळी हळूच ओढली. नाथाजीने ती हिसडून मागे घेतली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.