विझवलेला जगरा

देवावर माझा विश्वास आहे की नाही, हे मला गेल्या कार्तिकापर्यंत नीट ठाऊक नव्हतं. भीतीवर मात्र पूर्ण होता. सकाळी डोळा उघडला की देवाआधी तीच आठवायची. दुपारी फोन वाजला तर कोणी तरी गेलं असणार, बायकोनं हाक मारली तर गॅस उघडा राहिला असणार, आभाळ स्वच्छ दिसलं तर इतकं स्वच्छ काहून, यात काही तरी खोट असणार. वांगी, मेथी, पालक पिकवून कामरगावच्या बाजारात विकणं हा माझा धंदा, आणि घाबरणं हा जोडधंदा. जोडधंद्यात बरकत जास्त होती.

एका बाजारी छातीत इतकं धडधडलं की मी वांग्यांच्या ढिगाशेजारीच आडवा झालो. लोकांनी उचलून कारंज्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी छातीची पट्टी काढली आणि सांगितलं की हृदय ठणठणीत आहे, ही घबराट आहे. चहा कमी करा, रोज चाला, हाताला काम द्या, आणि महिन्याभरानं परत या. हृदय ठणठणीत आहे हे ऐकून माणसाला आनंद व्हावा. मला वाटलं, यांना काही सापडलं नाही, म्हणजे आजार भलताच खोल आहे. मी परत गेलोच नाही. त्याऐवजी जो भेटेल त्याला घरगुती उपाय विचारत सुटलो.

उपायांत वाईट काही नव्हतं, करणारा वाईट होता. कोणी म्हणालं, झोपताना दुधात चिमूटभर जायफळ घ्या. मी ते भर बाजाराच्या सकाळी घेतलं, चिमटीच्या जागी चमचा वापरला, आणि दुकानावर बसल्या बसल्या असा घोरलो की गाईनं अर्धी मेथी खाल्ली तरी मला पत्ता नाही. कोणी म्हणालं, पहाटे दवावर अनवाणी चाला, मन शांत होतं. माझ्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, दवापेक्षा सराट्याचे काटे जास्त. मन शांत झालं नाही, पण आठवडाभर चालणं मात्र बंद झालं. मग मोबाईलवर एका बाईंनी दाखवलं तसं कान बंद करून भुंग्यासारखा गुंजारव करायला शिकलो. विहिरीपाशी बसून डोळे मिटून चांगला लांब सूर लावला, तर शेजारचे गजाननभाऊ वावरातून धावत आले आणि त्यांनी खटकन माझ्या विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर बंद केला.

"फेज गेली न बे! मोटार जळून राह्यली, अन् तू डोये मिटून बसला?"

"मोटार नाही भाऊ, मी हाव."

त्यांनी स्टार्टरवरचा हात काढला. "मंग तू जळून राह्यला काय?" म्हणाले आणि निघून गेले. उत्तर 'हाव' असंच होतं, पण त्यांना सांगायचं धाडस झालं नाही.

एवढ्यावर हसून सोडून दिलं असतं, पण माझ्या भीतीची झळ आता माझ्या पोरीला लागत होती. प्रणाली माझी एकुलती एक. बारावीनंतर तिनं अमरावतीच्या नर्सिंग कॉलेजसाठी अर्ज केला होता. ती अभ्यास करायची आणि मी मनातल्या मनात बस उलटवायचो. होस्टेलचा जिना, रस्त्यावरचे ट्रक, अनोळखी पाणी, यातला एकही अपघात मनात घडवायचा राहिला नव्हता. आमच्या वावराच्या कोपऱ्यावर, डांबरी रस्त्याला लागून, कडुनिंबाखाली मारुती आहे. आमच्याकडे त्याला रोडग्यांचा, म्हणजे निखाऱ्यांत भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचा, नवस बोलतात. तिच्या आईनं नवस बोलला, पोरीचा नंबर लागू दे, तुला रोडगे करतो. आणि मी, बाप असून, दुसऱ्या दिवशी एकटाच जाऊन हळूच म्हणालो, नंबर लागू देऊ नको, मीही रोडगेच करतो. मारुतीचं जेवण दोन्हीकडून पक्कं होतं. त्यानं आईचं ऐकलं.

नंबर लागला. सोमवारी हजर व्हायचं होतं, नाही तर जागा दुसऱ्या कोणाला जाणार होती. पोरीनं बॅग भरली, तिच्या आईनं चिवडा केला, आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघू लागले, कारण नेऊन सोडायचं काम माझं. मी म्हणालो, "पाहू." आमच्या घरात 'पाहू'चा अर्थ सगळ्यांना माहीत आहे.  पोरीनं बॅग खाटेखाली सरकवली. ती भांडली असती तर मला सोपं गेलं असतं.

पण नवस फेडायलाच हवा होता, म्हणून शनिवारी सगळ्या वस्तीला बोलावून मारुतीपुढे रोडगे ठरले. कणीक मळणं, वांग्याची भाजी बायकांकडे, आणि जगरा माणसांकडे, अशी आमची रीत. जगरा म्हणजे गोवऱ्यांचा ढीग. तो पेटवायचा, धग खाली बसली की कणकेचे गोळे निखाऱ्यांत पुरायचे, वरून गरम राख ओढायची आणि गप बसायचं. यात अवघड काही असेल तर ते गप बसणं. मला ते जन्मात जमलं नाही. गोळे पुरले, सगळे सावलीत जाऊन बसले, आणि मी जगऱ्याभोवती फेऱ्या मारू लागलो. थोडा वारा सुटला. पलीकडे गजाननभाऊंची सोयाबीनची गंजी उभी होती. एक ठिणगी उडाली, म्हणजे मला तरी उडाल्यासारखी दिसली. माझ्या डोळ्यांपुढे गंजी पेटली, वावर पेटलं, कडुनिंब पेटला. बादली हातात कधी आली कळलं नाही. मी ती अख्खी जगऱ्यावर ओतली. शेजारी दुसरी होती, तीही ओतली.

चर्र झालं आणि वाफेचा असा लोट उठला की झाडावरच्या साळुंक्या उडाल्या. वाफ ओसरली तेव्हा समोर राखेचं कालवण होतं आणि त्यात रोडगे तरंगत होते. आमच्या वस्तीवरचं कुत्रं जवळ आलं, त्यानं हुंगलं आणि मान फिरवून निघून गेलं. गजाननभाऊ म्हणाले, "वारा तं गंजीकडून इकडं येऊन राह्यला बे, इकडून तिकडं नाई!" सगळे हसले. प्रणालीची आई हसली नाही. ती माझ्याजवळ आली आणि फक्त मला ऐकू येईल इतक्या आवाजात म्हणाली, "मुद्दाम केलं न तुमी? पोरीले जाऊ द्याचं नाई, म्हून देवाचं बी होऊ नाई देलं."

मी मुद्दाम केलं नव्हतं. पण हे ठामपणे सांगता येईना, कारण मारुतीपुढे मी काय मागितलं होतं ते मला माहीत होतं आणि मारुतीलाही. मी पाठ फिरवून नव्या गोवऱ्या रचायला लागलो. घराघरातून पुन्हा कणीक आली, पुन्हा जगरा पेटला. पंगत दुपारी उठायची, ती अजून बसलीच नव्हती. पोरं भुकेनं रडत होती, म्हातारी माणसं मला ऐकू जाईल अशा बेतानं एकमेकांशी बोलत होती, आणि मी खाली मान घालून फुंकर मारत होतो.

अशात अमरावतीकडून आलेली बस आमच्यासमोरच धापा टाकत थांबली. ड्रायव्हरनं उतरून पुढचं झाकण उघडलं, आत डोकं घातलं, बाहेर काढलं आणि म्हणाला, दुसरी गाडी येईल तेव्हा येईल, उतरा. माणसं उतरली आणि धुराच्या वासानं आपोआप मारुतीकडे आली. नवसाच्या पंगतीला कोणी नको म्हणत नाही. "या, बसा, आमचं बी अजून व्हायचंच आहे," असं गजाननभाऊ म्हणाले आणि माझ्याकडे बोट दाखवून पुढे म्हणाले, "या महाराजाची किरपा."

त्या लोकांत एक बाई होत्या, शेलूबाजारकडच्या, माझ्याच वयाच्या. त्या बसेनात. पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात, डोळे रस्त्यावर, श्वास वरच्या वर. मग त्यांनी छातीवर हात ठेवला. तो हात मी ओळखत होतो. तो हात माझा होता.

"काय होऊन राह्यलं ताई?"

"सकायी पोरीले अमरावतीले होस्टेलात सोडलं, दादा. पहिल्यांदाच. पोचली की फोन करतो म्हटलं, अन् फोन बंद पडला. नंबर बी पाठ नाई. थे वाट पाहात असन. तिले वाटन, मायच्या गाडीले काई झालं." बोलता बोलता त्यांनी पिशवी खाली टाकली. "माह्या छातीत कसंतरी होऊन राह्यलं. मी मरतो काय?"

सांगायला लाज वाटते, पण माझी पहिली इच्छा तिथून पळायची होती. पळालो नाही ते धैर्यानं नाही. पाय राखेनं माखलेले, मागे जगरा, पुढे बाई, जागाच नव्हती. मी त्यांना कडुनिंबाच्या बुडाशी बसवलं, पाणी दिलं आणि दुसरं काही सुचेना म्हणून कणकेची परात पुढे सरकवली. म्हटलं, "ताई, एवढे गोळे वळा. माह्यासाठी वळा. माहा श्वास बी असाच होते. छाती लय उडते, पण मरत नाई माणूस. मी लय खेपा मरून पाह्यलं, जमलं नाई." त्या रडता रडता हसल्या आणि हात कणकेत घातला. मीही घातला. एकमेकांकडे न बघता आम्ही गोळे वळत राहिलो. ज्या गोष्टी डॉक्टरांनी मला सांगितल्या होत्या आणि मी उडवून लावल्या होत्या, त्या माझ्याच तोंडून एकामागून एक बाहेर पडत होत्या, आणि त्या खऱ्या वाटत होत्या. भाजी ढवळणारी बायको टक लावून ऐकत होती. हा कोण बोलून राह्यला, असा चेहरा.

तोवर प्रणाली पुढे आली. कोणी सांगितलं नव्हतं. "मावशी, तुमचा फोन द्या," म्हणाली. कानातलं काढून त्याच्या टोकानं तिनं त्यांच्या फोनचं सिम काढलं आणि आपल्या फोनात घातलं. मी तोवर त्या बाईंना नुसता धीर देत होतो, आणि ही पोरगी शांतपणे नखाएवढ्या गोष्टीनं गाठ सोडवत होती. फोन चालू झाला आणि नंबर शोधण्याआधीच वाजला.

"आई! कुठी आहेस तू? कवाची लावून राह्यली मी!"

मग माय आणि लेक दोघीही एकदमच रडल्या आणि एकदमच एकमेकींना रडू नको म्हणाल्या. शेवटी फोन प्रणालीच्या हातात परत आला तेव्हा पलीकडची पोरगी कोण, कुठलं कॉलेज, हे विचारणं झालं. तेच कॉलेज. तोच वर्ग. "माहा बी नंबर लागला तिथंच," प्रणाली म्हणाली. पलीकडून आवाज इतका मोठा आला की आम्हा सगळ्यांना ऐकू आला, "मंग ये ना लवकर! मले इथं कोणीच ओयखीचं नाई. माह्या बाजूची खाट खालीच आहे." प्रणालीनं माझ्याकडे पाहिलं नाही. "पाहू," ती म्हणाली. माझा शब्द, माझ्याच आवाजात.

त्या बाई कणकेच्या हातानं डोळे पुसत माझ्याकडे वळल्या. "दादा, तुमाले भेव नाई वाटत पोरीले धाडाचं?"

"वाटते ताई. लय वाटते," मी म्हणालो. पुढचं मी ठरवलेलं नव्हतं. "पण सोमवारी नेऊन सोडतो." बायकोचा भाजीतला डाव थांबला. प्रणाली पाठमोरी झाली आणि उगीचच गोवऱ्या सारख्या करू लागली. गजाननभाऊ म्हणाले, "बापा, आता तं खरंच रोडगे होऊ दे रे!" नवे गोळे पुरले, राख ओढली, आणि त्या दिवशी मला कोणी जगऱ्याच्या जवळ फिरकू दिलं नाही. पंगत बसली तेव्हा ऊन उतरलं होतं. तुपात चुरलेला रोडगा आणि वांग्याची भाजी त्या बाई माझ्याच शेजारी बसून जेवल्या, दुसरी गाडी आली तशा चढल्या आणि खिडकीतून हात हलवून गेल्या.

यात चमत्कार कुठे होता, असं कोणी विचारलं तर मी वाद घालणार नाही. गाड्या बंद पडतात, ड्रायव्हरच म्हणाला की ही गाडी नेहमीचीच आहे. पण मी पाणी ओतलं नसतं तर रोडगे वेळेवर झाले असते, आम्ही जेवून घरी गेलो असतो, आणि ती बाई रिकाम्या मारुतीपुढे एकटीच छाती धरून बसली असती. मी घाबरून केलेली घाणसुद्धा कोणाच्या तरी कामी लागली. धीर मागायला मी इतकी दारं फिरलो, आणि तो मला दिला गेला दुसऱ्याला वाटायला म्हणून. वाटताना थोडा हाताला चिकटला, तेवढाच माझा.

भीती गेली असं मी म्हणणार नाही. ती सोमवारी बसमध्ये माझ्या शेजारीच बसून अमरावतीपर्यंत आली. पुढच्या आठवड्यात मी डॉक्टरांकडेही गेलो, ते नुसते हसले. आता सकाळी रस्त्याच्या कडेनं चप्पल घालून चालतो आणि निंदणीला स्वतः बसतो. छाती उडाली की तिला उडू देतो. सगळं माझ्या पहाऱ्यावर चाललंय हा माझा समज होता, आणि त्या पहाऱ्यातून सुटका मिळाली यासाठी मी मारुतीचा ऋणी आहे.

त्या सोमवारी होस्टेलच्या दारात त्या बाईंची लेक धावत आली आणि प्रणालीची बॅग तिनं एका बाजूनं धरली. दोघी आत गेल्या. पोरीनं वळून बघितलं की नाही ते मला दिसलं नाही, डोळे भरले होते. दार लागलं. मी रस्त्यावर आलो आणि हात जोडले. म्हटलं, देवा, आज काही मागत नाही. ती आत आहे, मी बाहेर आहे, तू दोन्हीकडे राहा. आणि समोरून येणाऱ्या बसला हात केला.