बर्बेऱ्याचे पाणी

“परतीचं काय?”

कुठेही जायचा बेत निघाला की मोठ्या मास्तरांचा पहिला प्रश्न हा. विचारताना ते उपरण्याचे टोक बोटाभोवती गुंडाळीत आणि उत्तर मिळेपर्यंत सोडीत नसत. घराला कुलूप लावल्यावर ते ओढून पाहणारी माणसे तुम्हीही पाहिली असतील. आमचे मोठे मास्तर अर्ध्या वाटेवरून परत येऊन पुन्हा ओढीत.

ते कल्याणचे, मी ठाण्याचा. पण आमची गाठ पडली एडनला. तिथल्या छावणीत मुंबई इलाख्यातली पलटण असे. शिपायांच्या आणि कारकुनांच्या मुलांसाठी मराठी शाळा होती, तीत आम्ही तिघे मास्तर. तिसरा धर्मा, आमच्यात सर्वांत तरुण. डोंबिवलीजवळच्या मिठागरावर राबणाऱ्या आगरी घरातला. शाळेत तो पुस्तकातले मराठी बोले. जीव घाबरला की तोंडी गावची बोली येई.

असा धास्तावलेला माणूस समुद्र ओलांडून आलाच कसा, याचे मला नवल वाटे. एकदा त्यांनीच सांगितले. पत्नी वारल्यावर कल्याणच्या घरात त्यांना बसवेना. लहानगी यमुना थोरल्या भावाकडे ठेवून ते निघून आले, आणि आल्या दिवसापासून तिची काळजी करू लागले.

नाताळच्या सुट्टीत समोरच्या आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, बर्बेऱ्याला जाण्याचे धर्माने काढले. हिवाळ्यात तिथे मोठा बाजार भरतो, उंटांचे तांडे येतात, असे त्याने ऐकले होते. मोठ्या मास्तरांनी उपरणे हातात घेतले.

“वारा पडला तर?”

“थांबू की,” धर्मा म्हणाला.

“आणि वाढला तर?”

“लवकर पोचू.”

शेवटी तेच म्हणाले, “तुम्ही दोघे गेलात की इथं बसून काळजी करायची, ती तिथं येऊन करतो.”

त्यांनी बरोबर भाजलेले पोहे, गूळ, मेतकूट आणि तांब्याच्या हंड्यात आपले पाणी घेतले. हंड्याला फडके बांधले. त्या पाण्यापासून दूर बस, असे त्यांनी धर्माला कधी सांगितले नाही. धर्मा आपणहून दूर बसे, आणि आम्ही दोघे ते चालू देत असू.

बर्बेऱ्याचा पहिला दिवस फार छान गेला. डिंकाचे ढीग, कातड्यांच्या राशी, भांडणारे व्यापारी. एक उंट मान वळवून मोठ्या मास्तरांकडे टक लावून पाहू लागला. ते म्हणाले, “परीक्षा घ्यायला आलेले साहेब असेच बघतात, नाही?” आणि स्वतःच खदखदून हसले. त्यांना मी तसे हसताना तोवर पाहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी धर्माला उलट्या आणि ढाळ सुरू झाले. दुपारपर्यंत त्याचे डोळे खोल गेले. पटकी, हा शब्द आम्ही कोणी उच्चारला नाही. पण आम्हाला आणलेल्या गलबताच्या तांडेलाने दुरूनच ओळखले.

“बीमार को नहीं लूँगा,” तो म्हणाला. वारा मिळाला होता आणि तो थांबणार नव्हता. पुढचे गलबत कधी, हे त्याला ठाऊक नव्हते.

धर्मा चटईवरून पुटपुटला, “तुमी दोगं जावा. मना सोरा इथंच.”

मोठे मास्तर धर्माजवळ बसले. ते मला म्हणाले, “तुम्ही निघा. शाळा उघडायला कुणीतरी हवं.”

“आणि तुमचं परतीचं काय?” मी विचारले.

“ते बघायला आता वेळ नाही,” असे म्हणून त्यांनी धर्माचे डोके मांडीवर घेतले. त्याला ते शिवले, ते मी पहिल्यांदाच पाहत होतो.

एडनला येऊन मी शाळा उघडली. शाळा सुटली की बंदरावर जाऊन बसे. बर्बेऱ्याकडून शेळ्यामेंढ्यांनी भरलेली गलबते येत. मी खलाशांना विचारी. दोन हिंदुस्थानी मास्तर? ते खांदे उडवीत. पटकी एकाला झाली तर जवळच्याला सोडत नाही, हे मला माहीत होते. कल्याणला काय कळवायचे, याची वाक्ये मी मनात जुळवी आणि घाबरून मोडून टाकी. वर्गात मुले बोलत असली तरी मला ऐकू येईनासे झाले.

एका संध्याकाळी मेंढ्यांच्या गर्दीत धर्मा बसलेला दिसला. नुसता हाडांचा सापळा. त्याच्या मागे उघड्या डोक्याचे, उन्हाने काळे पडलेले मोठे मास्तर. उतरायच्या फळीवर ते धर्मावर ओरडत होते, “हळू! फळी ओली आहे! पडलास म्हणजे?” मी तिथेच रडू लागलो.

हंड्यातले पाणी मी निघालो त्याच दिवशी संपले होते. नंतर एका सोमाली म्हातारीने दोघांना आपल्या झोपडीत घेतले आणि कातडी पखालीतले पाणी, मीठ घालून, चमच्याचमच्याने पाजले. हे धर्माने मला सांगितले.

पुढच्या वर्षी आम्ही रजेवर देशी आलो. ठाण्याच्या एका घरात यमुनेचे लग्न ठरत आले होते. त्याआधी कल्याणला मोठ्या मास्तरांच्या भावाच्या ओसरीवर ज्ञातीतली वडीलधारी मंडळी जमली. मीही होतो. समुद्र ओलांडल्याचे प्रायश्चित्त ठरल्यासारखेच होते. मग एका वृद्ध गृहस्थांनी हळूच विचारले, “बर्बेऱ्याला कुणाच्या हातचं काही घेतलं, असं लोक बोलतात. नाहीच ना घेतलं?”

प्रश्नातच उत्तर ठेवले होते. भाऊ घाईने म्हणाला, “नाही म्हण, की झालं.”

मोठ्या मास्तरांनी आत पाहिले. दाराआड यमुना उभी होती.

“प्यायलो,” ते म्हणाले. “मी आणि धर्मा, एकाच भांड्यातून.”

“मग त्याचंही प्रायश्चित्त घेऊन टाका.”

“समुद्राचं घेतो. पाण्याचं नाही घेणार. त्या बाईनं पाजलं नसतं तर पोरगा मेला असता. ते पाप होतं, असं माझ्या तोंडून कसं म्हणू?”

एकेक जण उठला. संध्याकाळी ठाण्याहून नकार आला. भाऊ जेवायला एका पंक्तीस बसेना. मोठे मास्तर परसदारी बसून राहिले. मी जवळ गेलो तेव्हा म्हणाले, “मी पोरीचा घात केला का हो?” उत्तर यमुनेने दिले. ती येऊन म्हणाली, “बाबा, मला तुमच्याबरोबर न्या.”

मला ठाण्यालाच नेमणूक मिळाली. ते दोघे एडनला निघाले तेव्हा मी ठाण्याच्या स्टेशनवर गेलो. कल्याणहून आलेली गाडी थांबली. यमुना खिडकीत होती; ती आयुष्यात पहिल्यांदाच आगगाडीत बसली होती आणि तिला सगळे एकदम बघायचे होते. बाप तिला आत ओढीत होता आणि मला “मागे सरा, मागे सरा” म्हणत होता. गाडी हलली. मी त्यांना पाहिले ते तेवढेच.

पुढे काही वर्षांनी धर्मा रजेवर आला आणि माझ्या ओसरीवर येऊन बसला. मी पाणी आणले. ते पिऊन त्याने भांडे खाली ठेवले.

“मोठं मास्तर गेलं,” तो म्हणाला. “उन्हाल्यात. ताप आला नि गेलं.”

“यमुना?”

“अग्नी तिनंच दिला. कुनाला इचारला नाय.” यमुना छावणीतल्या मुलींना ओसरीत शिकवू लागली होती, हे मला त्याच्याकडूनच कळले. “मना वाटला, आता चार दिस शाला बंद राहील. दुसरे दिशी सकाली मी गेलो तं पोरी कविता म्हनत व्हत्या. तिचा गला पार बसलेला. पन पोरींच्या संगतीनं म्हनत व्हती.”