आडवी उभी राहिलेली वाघीण

जिप्सीत पाच पाच तास बसून वाघ दिसला नाही, की माणसं एकमेकांचे किस्से काढायला लागतात. त्यामुळे आमच्याकडे फोटोंपेक्षा किस्सेच जास्त! आम्ही म्हणजे तिघं. मी, चंद्रपूरचा फोटो स्टुडिओवाला. नामदेवभाऊ, गडचांदूरचे रिटायर्ड ड्रॉइंग मास्तर. आणि शालूबाई, जंगलाला लागून असलेल्या गावातल्या गाइड. चौथी म्हणजे भाऊंची लेन्स, चारशे एमएम, अपर्चर टू पॉइंट एट, म्हणजे उजेड आत घेणारं भोक चांगलं मोठं. अंधुक उजेडातही झकास फोटो देते, पण डोळ्यावर फोकस धरला की पाठ धूसर येते.

*

सिरोंचाच्या रस्त्यावर पोलिसांनी आमची गाडी थांबवली. लेन्सची लांबुडकी पेटी पाहून एका जवानाचा हात बंदुकीकडेच गेला! भाऊ म्हणाले, "फोटोचं सामान आहे बाबा." खात्री करायला म्हणून त्यानं लेन्स कॅमेऱ्यावर चढवायला लावली आणि डोळा लावला, तो काढेचना.

"काय दिसून राह्यलं?" भाऊंनी विचारलं.

"गोदावरीच्या पलीकडचं झाड दिसतंय." मग जरा थांबून म्हणाला, "सर, यातून सातारा नाही ना दिसत?"

भाऊंनी कॅमेरा आणखी थोडा वेळ त्याच्याकडेच राहू दिला.

*

माजरीकडे एका माळावर बाइकची रेस होती. मी भाऊंची लेन्स मागून नेली. शटर एक बटा चार हजार, म्हणजे सेकंदाचा चार हजारावा भाग! चिखलाचा थेंबन् थेंब टिपला. फोटोत ज्याची बाइक होती त्यानं तो पाहिला आणि तोंडच पाडलं. "भाऊ, जीव तोडून चालवली मी. तुम्ही तं गाडी स्टँडवर लावून देली!"

खरंच, चाकं थिजल्यासारखी दिसत होती. मग शिकलो. शटर एक बटा साठवर ठेवायचं आणि बाइकसोबत लेन्स फिरवायची. फोटो मस्त जमले. दुसऱ्या दिवशी सकाळी जंगलात बिबट्यानं नाल्यावरून उडी मारली, आणि माझं शटर एक बटा साठवरच!

शालूबाईंनी स्क्रीन निरखून पाहिली. "दादा, हा बिबट आहे का धुरळा?"

*

पुढचं मात्र मी टपरीवर कधी सांगत नाही.

शालूबाईंची वहिनी मोहफुलं वेचायला गेली आणि वाघिणीनं तिला मारलं. तिची दोन लेकरं त्या दिवसापासून शालूबाईंकडे आली. त्या भागात वाघिणी दोन. एक म्हातारी, दुसरी आमची लाडकी, तीन पिल्लांची. वनखात्यानं त्या जागी लावलेल्या कॅमेऱ्यात मारणारीच्या फक्त डाव्या कुशीचे पट्टे आले होते, आणि पट्टे प्रत्येक वाघाचे वेगळे. जिचे पट्टे जुळतील ती कायमची पिंजऱ्यात जाणार होती.

आपली नसणार, याची भाऊंना खात्री होती. तिचे शेकडो फोटो घेऊन आम्ही वनखात्याच्या ऑफिसात गेलो. साहेबांनी एकेक पाहिला. सगळ्यांत ती समोरून चालत येतेय, सगळे टू पॉइंट एटवर. डोळे लख्ख आणि कूस धूसर!

"मास्तर, डोळे सगळ्याच वाघिणींचे पिवळे असतात. मला पट्टे पाहिजेत."

इतकी वर्षं तिचे फोटो काढले, आणि तिला वाचवायला त्यातला एकही कामाचा नाही. भाऊ पार खचले.

*

मग अपर्चर एफ एटवर नेलं, भोक लहान केलं की पुढचं-मागचं सगळंच शार्प येतं, आणि पाणवठ्याशी जाऊन बसलो. जागा शालूबाईंनीच दाखवली. पाचव्या दिवशी पिल्लांची आई पाण्यापाशी येऊन आडवी उभी राहिली. डावी कूस पार शेपटीपर्यंत शार्प! भाऊंनी स्क्रीनवर फोटो मोठा केला आणि साहेबांनी दिलेला त्या कॅमेऱ्यातला फोटो शेजारी धरला.

पट्टे जुळले.

भाऊंचा अंगठा डिलीटच्या बटणावर जाऊन थांबला. खोटं कशाला सांगू, त्यांनी तो दाबावा असं मला वाटत होतं. शालूबाईंनी आमच्या दोघांकडे पाहिलं. मग भाऊंनी कॅमेऱ्यातून कार्ड काढलं आणि त्यांच्या हातावर ठेवलं.

"बाई, हे तुम्हीच न्या. माह्याच्यानं नाई होत."

शालूबाईंनी ते ऑफिसात नेऊन साहेबांच्या टेबलावर ठेवलं. आम्ही दाराशी उभे होतो. साहेबांनी फोटो पाहिला, मान हलवली आणि कागद ओढून पिंजऱ्याचा हुकूम लिहायला घेतला. शालूबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत.

"साहेब," त्या म्हणाल्या, "तिच्या पिल्लायले अजून शिकार नाई जमत. त्यायचं कोण करीन?"